तेफिलीन बांधताना: भाच्याने विचारलेले प्रश्न आणि मामाची उत्तरं

भाच्याचा बार मित्सवा (ज्यू मुलगा धर्माचे नियम पाळायच्या वयात येतो तो विधी) दिवाळीनंतर आहे, पुण्यात रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये, आणि गेले दोन महिने पोरगं रोज सकाळी शाळेची व्हॅन यायच्या आधी तेफिलीन बांधायला शिकायला मला व्हिडिओ कॉल करतंय. तेफिलीन म्हणजे प्रार्थनेच्या वेळी चामड्याच्या वादीने (पट्ट्याने) बांधायच्या दोन छोट्या डब्या, एक दंडावर आणि एक डोक्यावर. "मामा, इथे बरोबर आहे का?" आणि मला स्क्रीनवर दिसतं काय तर अर्धं कपाळ आणि सीलिंग फॅन. मी काही रब्बी (धर्मगुरू) नाही, हज्जान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा) नाही, हिंजवडीला नोकरी करणारा साधा माणूस आहे, पण त्याचे प्रश्न इतके भारी होते की उत्तरं शोधता शोधता माझ्याच तीस वर्षांच्या चुका बाहेर आल्या. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आपल्या बेने इस्रायल लोकांत, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंमध्ये, घराघराची थोडी वेगळी रीत असते, तर जिथे मी "घरच्या रीतीप्रमाणे" म्हणतो तिथे आजोबांना किंवा काकांना विचारा, आणि खरंच अडलं तर रब्बींना.

पहिला प्रश्नच अवघड निघाला. कोणत्या हातावर? नियम असा की जो हात कमजोर त्याच्या दंडावर, म्हणजे उजखोऱ्याने डाव्या हातावर बांधायचं. आमचा भाचा डावखुरा. लिहितो डाव्या हातानं, जेवतो डाव्या हातानं (त्याबद्दल आजीची बोलणी खाऊन झाली आहेत), फक्त बॅटिंग उजव्या हातानं करतो. असा मुलगा डावखुराच धरायचा, त्याचं तेफिलीन उजव्या दंडावर. बॅटिंगने काही बदलत नाही. पण एखादा लिहितो डाव्या हातानं आणि बाकी सगळी कामं उजव्या हातानं करतो, किंवा उलट, तर तिथे शुल्हान आरुख या आपल्या नियमांच्या ग्रंथातच दोन मतं दिलेली आहेत, मग मनानं ठरवू नका, कोणता हात कशाला वापरता त्याची यादी करा आणि ती यादी घेऊन रब्बींना विचारा. दोन्ही हात सारखेच चालत असतील तर सरळ डावा.

आणि यात एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. हाताच्या डबीजवळ जी गाठ असते ना, योद या हिब्रू अक्षराच्या आकाराची, ती हृदयाच्या बाजूला यायला हवी. उजखोऱ्याचं तेफिलीन डावखुऱ्याच्या उजव्या दंडावर बांधलं की ती गाठ बाहेरच्या बाजूला जाते. म्हणजे डावखुऱ्यासाठी वादी आणि गाठ उलटी करून घ्यावी लागते. ऑर्डर देतानाच सांगायचं, मी नाही सांगितलं, मग परत कोणीतरी इस्रायलला जाणारं शोधा, परत पाठवा, असं सगळं झालं. गाठ घरी यूट्यूब बघून सोडू नका प्लीज, सुटायला दोन मिनिटं लागतात आणि परत बांधायला माणूस मिळत नाही.

आता बांधायचं कसं. आधी तल्लीथ (प्रार्थनेची शाल), मग तेफिलीन, कारण तल्लीथ रोजचं आणि तेफिलीन शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) नसतं, जे जास्त वेळा येतं ते आधी. पण पिशवीत हात घातला आणि तेफिलीनच आधी हाताला लागलं तर ते बाजूला सारून तल्लीथ शोधायचं नाही, समोर आलेली मित्सवा (धर्माने सांगितलेलं कर्तव्य) ओलांडायची नाही. सोपा उपाय, पिशवी भरतानाच तल्लीथ वर ठेवा. तसंच हाताचं तेफिलीन डोक्याच्या आधी हाताला येईल असं ठेवा. चुकून डोक्याचं आधी बाहेर आलं तरी बांधायचं मात्र हाताचंच आधी.

बाही पूर्ण वर. डबी दंडाच्या फुगीर भागावर, थोडी आतल्या बाजूला कललेली, म्हणजे हात खाली सोडला की ती हृदयाकडे बघते. कोपराच्या जवळ नाही आणि पार खांद्यापाशी पण नाही. डबी दंडावर ठेवली, की वादी घट्ट ओढायच्या आधी बेराखा (देवाच्या स्तुतीचं छोटं वाक्य) म्हणायची, "लेहानीआह तेफिलीन", आणि मग ओढायचं. आपल्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीत दोघांना मिळून ही एकच बेराखा. अश्केनाझी (मूळ जर्मनी-पोलंडकडचे ज्यू) लोक डोक्याच्या तेफिलीनला दुसरी म्हणतात, ते बघून गोंधळू नका. मग हाताला सात वेढे. वेढे आतून बाहेर की बाहेरून आत, हाताचं तेफिलीन बसून बांधायचं की उभं राहून, हे सगळं घरच्या रीतीप्रमाणे. मग बोटांचे वेढे नंतरसाठी ठेवून उरलेली वादी तळहाताला गुंडाळायची आणि लगेच डोक्याचं बांधायचं.

लगेच म्हणजे खरंच लगेच. हाताचं आणि डोक्याचं यांच्यामध्ये एक शब्द बोलायचा नाही. "आई व्हॅन आली का बघ" पण नाही. कोणी बेराखा म्हटली तर आमेन सुद्धा नाही, गप्प राहून ऐकायचं फक्त. बोललात तर? संपलं असं नाही, मग डोक्याच्या तेफिलीनला दुसरी बेराखा म्हणावी लागते, "अल मित्सवथ तेफिलीन". फोन सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा, मी स्वतः नोटिफिकेशनच्या टुंग आवाजाला "अरे" म्हणून बसलोय.

डोक्याचं तेफिलीन ही माझी तीस वर्षांची चूक. मी कायम कपाळावर बांधायचो. तोरामध्ये (आपला मूळ धर्मग्रंथ) "डोळ्यांच्या मध्ये" असं आहे म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की भुवयांच्या वर कुठेतरी, पण जागा आहे केसांत. डबीची पुढची खालची कड जिथे केसांची मुळं सुरू होतात तिथे, त्याच्या खाली जरा पण नाही, आणि वर कुठपर्यंत तर लहान बाळाची टाळू जिथे मऊ लागते तिथपर्यंत. "डोळ्यांच्या मध्ये" म्हणजे डावी-उजवीकडून बरोबर मधोमध. कपाळावर लटकत असेल तर मित्सवा झालीच नाही, आणि हे मी नाही म्हणत, नियमच तसा आहे. आता माझ्यासारख्यांचा प्रश्न, केसच मागे गेलेत. तर केस पूर्वी जिथे होते ती रेघ धरायची. मी लग्नाचा अल्बम काढून बघितली. बायको हसत होती पण रेघ सापडली. मागची गाठ कवटी जिथे संपते तिथे, मानेच्या खळगीच्या वर. आरसा वापरला तर चालतो, सेल्फी कॅमेरा पण चालतो, फक्त सेल्फी काढत बसू नका. वादीची काळी बाजू सगळीकडे बाहेर.

मग परत हाताकडे यायचं आणि मधल्या बोटाचे तीन वेढे. काढताना सगळं उलट, आधी बोटांचे वेढे सोडा, मग डोक्याचं काढा, मग हाताचं. म्हणजे डोक्याचं जेवढा वेळ आहे तेवढा वेळ हाताचं पण असायला हवं.

मध्ये काही आलं तर काय, यावर भाच्याने माझी परीक्षाच घेतली. डबी आणि कातडी यांच्यामध्ये काहीही नको, बाहीचा काठ नको, टोपी नको. घड्याळ, स्मार्टवॉच, अंगठी काढून ठेवा. वेढ्यांच्या बाबतीत नियम डबीएवढा कडक नाही पण काढायला काय जातं. मेंदी? आपल्या लग्नात नवरदेवाच्या बोटाला मेंदी लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर वादी येते, तर नुसता रंग राहिला असेल तर अडत नाही, सुकलेली मेंदी चिकटलेली असेल तर धुवा. तेल? खोबरेल चोपडून बांधू नका. चामड्याची वाट लागते, वादीचा काळा रंग जातो. अंघोळ केली असेल तर केस नीट पुसून, कोरडे करून. आणि समोरचे केस खूप वाढवून फुगे काढले असतील तर ते डबीखाली येतात, त्यावर बऱ्याच रब्बींचा आक्षेप आहे. भाच्याची हेअरस्टाईल या एका वाक्यावर गेली, ताईने मला त्याबद्दल स्पेशल चहा पाजला.

साखरेचा सेन्सर हा आजकालचा प्रश्न, दंडावर गोल चिकटवतात तो. तो बहुतेक दंडाच्या मागच्या बाजूला असतो आणि डबी पुढे, मग काही अडचण नाही. पुढे लावायची वेळ आली तर दुसऱ्या हातावर लावून घ्या, डॉक्टरला सांगितलं की ऐकतात. प्लास्टरमध्ये दंड झाकला गेला असेल तर फक्त डोक्याचं बांधायचं. या दोन वेगवेगळ्या मित्सवा आहेत, एक जमत नाही म्हणून दुसरी सोडायची नाही. तेव्हा बेराखा "अल मित्सवथ तेफिलीन". लहानशी बँडेड असेल तर डबी थोडी सरकवून मोकळ्या कातडीवर बसते का बघा, जागा बऱ्यापैकी असते.

वेळेचा प्रश्न पुण्यात जास्त छळतो कारण शाळा आणि शिफ्ट दोन्ही पहाटेच्या. तेफिलीन दिवसाचं, रात्री बांधायचं नाही. सुरुवात कधी तर ओळखीचा माणूस चार हातांवरून ओळखू येईल इतका उजेड झाला की, आपल्या इथे म्हणजे सूर्योदयाच्या साधारण पाऊण तास आधी. पुण्यात मे अखेरीला सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सात-दहाच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्यात निवांत आणि जानेवारीत बोंब. भाच्याची व्हॅन ६:४० ला. जानेवारीत त्याला जेमतेम १५ मिनिटं मिळणार. तारखेप्रमाणे अचूक वेळ अ‍ॅपवर मिळते, शहर पुणे टाका, मुंबई टाकून बसू नका, दोन-चार मिनिटांचा फरक पडतो. शेवटची वेळ सूर्यास्त. सकाळी अजिबात जमलं नाही तर दुपारी ऑफिसमधून येऊन, रविवार असल्यासारखं लोळून झाल्यावर, काहीही, पण सूर्यास्ताच्या आत बांधा, निदान शेमा (देव एकच आहे असं सांगणारा रोजचा मुख्य पाठ) म्हणा आणि काढा. पूर्ण तफिल्ला (प्रार्थना) जमत नाही म्हणून तेफिलीनच नको असं आमच्याकडे खूप जण करतात आणि मला ते कधी पटलं नाही.

मी महिन्यातून दोनदा सिंहगड एक्सप्रेसने मुंबईला जातो, गाडी सहाच्या सुमारास. हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. त्याची सोय शुल्हान आरुखमध्ये लिहून ठेवलेली आहे, जे पुस्तक १५६५ साली व्हेनिसमध्ये पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा रेल्वे कुठे होती, पण पहाटे प्रवासाला निघणारे होतेच. असा माणूस निघायच्या आधी तेफिलीन बेराखा न म्हणता बांधू शकतो, आणि वाटेत वेळ झाली की हात लावून, थोडं हलवून, बेराखा म्हणतो. अट एकच, झोपायचं नाही. आता सिंहगडमध्ये खिडकीची सीट मिळाल्यावर न झोपणं म्हणजे, असो, म्हणून मी सरळ लोणावळ्याच्या आसपास उजाडल्यावर सीटवर बांधतो. एकदा समोरच्या काकांनी फार काळजीनं विचारलं, "बीपी जास्त आहे का हो?" मी म्हटलं काका, आमची संध्या आहे ही, आम्ही बेने इस्रायल, ते म्हणाले म्हणजे शनिवार तेली ना (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, कोकणात आम्हाला असंच म्हणायचे), आमच्या अलिबागला होते शेजारी. पुढे कर्जतपर्यंत गप्पा. तुम्हाला लाज वाटत असेल तर सांगतो, लोक बघतात दोन मिनिटं, मग परत मोबाईलमध्ये जातात.

विमानाचं मात्र वेगळं. २०१० मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कहून लुईव्हिलला जाणाऱ्या विमानात एका १७ वर्षांच्या मुलाने तेफिलीन बांधलं, क्रूला ते काहीतरी भलतंच वाटलं आणि विमान फिलाडेल्फियाला उतरवलं. तेव्हा उडताना बांधायचंच असेल तर आधी क्रूला शांतपणे सांगा. लोहगावला सिक्युरिटीने विचारलं तर "प्रार्थनेची वस्तू आहे" म्हणून पिशवी उघडून दाखवा, एक्सरेने काही बिघडत नाही. चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत.

शरीर स्वच्छ हवं हा नियम लोक हसण्यावारी नेतात. तेफिलीन बांधून टॉयलेटला जायचं नाही, काढायचं, बाहेर ठेवायचं, हात धुऊन परत बांधायचं. वारा सरणार असं वाटलं तरी आधी काढायचं. पोट बिघडलं असेल तर त्या वेळी सूट आहे, आदल्या रात्री मिसळ कोणी खायला सांगितली होती हा प्रश्न वेगळा. बांधून झोपायचं नाही, जेवायचं नाही. आणि टिंगलटवाळी नाही, म्हणजे तेफिलीन डोक्यावर असताना क्रिकेटचा स्कोअर नको.

कधी बांधायचं नाही ते पटकन: शब्बाथ आणि सणाचे मुख्य दिवस. पेसाह आणि सुक्कोथ या मोठ्या सणांच्या मधल्या दिवसांत आपण सेफार्दी रीतीने बांधत नाही, भारताबाहेर कुठे अश्केनाझी सिनेगॉगमध्ये लोक बांधलेले दिसले तर ती त्यांची रीत. हनुक्का, पुरीम, रोश होदेश (महिन्याची सुरुवात), सगळ्याला बांधायचं, फक्त रोश होदेशला मुसाफच्या (जादा प्रार्थनेच्या) आधी काढायचं. तिशा बेआवला (मंदिराच्या नाशाच्या शोकाचा उपास) बऱ्याच ठिकाणी सकाळऐवजी मिन्हाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, बांधतात. घरात सुतक असेल तर शोकाच्या पहिल्या दिवशी नाही.

आता वस्तू. आतमध्ये काय असतं हे भाच्याला माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर माझ्या वयाच्या पण कित्येकांना नसतं. चर्मपत्रावर तोरामधले चार उतारे, दोन 'निर्गम' या पुस्तकातले आणि दोन 'अनुवाद' या पुस्तकातले, शेमा त्यातलाच. हाताच्या डबीत चारही एकाच पट्टीवर, डोक्याच्या डबीत चार कप्प्यांत चार वेगळे. दोन्ही मिळून ३,१८८ अक्षरं, सोफेर म्हणजे लेखनिक हातानं लिहितो, आणि क्रमाने लिहिलेली असायला लागतात. म्हणून एक अक्षर गाळलं असेल तर नंतर मागे जाऊन घुसडता येत नाही, तो उतारा बाद. चामडं खायला शुद्ध असलेल्या जातीच्या जनावराचं हवं, पण ते आपल्या पद्धतीने कापलेलंच हवं असं नाही, मेलेल्या जनावराचं पण चालतं. उताऱ्यांच्या क्रमावरून राशी नावाचे जुने मोठे रब्बी आणि त्यांचा नातू रब्बेनू ताम यांच्यात मतभेद आहे, नातवाने आजोबांना उलट उत्तर देऊन साडेआठशे वर्षं होऊन गेली तरी वाद चालू आहे, आपण राशींच्या क्रमाचं घ्यायचं, काही जण नंतर दुसरं पण बांधतात. सुरुवात करणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

इथेच माझा खिसा कापला गेला. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक जोड घेतला, फोटो सुंदर, किंमत इतकी कमी की शंका यायला हवी होती. इस्रायलमध्ये सोफेरने उघडलं तर आत छापील कागद! हातानं लिहिलेलं काहीच नाही. चांगल्या कोशर (नियमाप्रमाणे शुद्ध) जोडाला काही शे डॉलर पडतात, कारण लिहायलाच कित्येक तास लागतात, त्यामुळे दोन-चार हजारांत मिळतंय म्हणजे काय मिळतंय ते समजून घ्या. विकणाऱ्याला विचारा, सोफेर कोण, तपासलं कोणी, कागदपत्र आहे का. ओळखीतून, रब्बींच्या सल्ल्याने घ्या. अगदीच नसेल आणि नुसती मित्सवा करायची असेल तर खबाद (ज्यूंची एक धार्मिक चळवळ) हाऊसमध्ये विचारा, त्यांची तर १९६७ पासून रस्त्यात माणूस गाठून तेफिलीन बांधायची मोहीमच आहे.

आजोबांचं जुनं तेफिलीन ट्रंकेत सापडलं तर डोळ्यातून पाणी येतं हे कबूल, पण तसंच बांधू नका. आधी तपासणी. आमच्या आजोबांच्या जोडात हाताचं चांगलं निघालं आणि डोक्याच्या एका उताऱ्यात एका अक्षराची शाई पार उडालेली, ते गेलं. बाद झालेलं कचऱ्यात टाकायचं नाही, सिनेगॉगमध्ये गेनिझासाठी (बाद झालेल्या पवित्र वस्तूंच्या साठ्यात) द्यायचं, ते नंतर पुरतात. रोज वापरातल्या तेफिलीनला मूळ नियमाप्रमाणे सारखं उघडायची गरज नाही, पण अधूनमधून वापरत असाल तर सात वर्षांत दोनदा तपासायचं. भिजलं किंवा खूप तापलं तर लगेच.

आणि आपल्याकडे भिजतं आणि तापतं दोन्ही. पावसाळ्यात स्कूटरवरून कॅम्पात लाल देवळाला (ओहेल डेव्हिड सिनेगॉगला) जाताना पिशवीवर प्लास्टिकची एक नाही दोन पिशव्या. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तेफिलीन ठेवून ऑफिसला जाऊ नका, चर्मपत्र आकसतं, डबीचे कोपरे वाकतात, आणि डबी चौकोनी राहिली पाहिजे हा मुख्य नियम आहे. बाथरूमजवळच्या कपाटात नको. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाका. ओलं झालं तर हेअर ड्रायर नको, ऊन नको, पंख्याखाली ठेवा आणि सोफेरला दाखवा. वादीचा काळा रंग उडाला तर बुटाचं पॉलिश लावू नका, साधा मार्कर पण नको, तेफिलीनसाठीचा कोशर रंग मिळतो, तो "तेफिलीनच्या पवित्रतेसाठी" असं तोंडाने म्हणून लावायचा. रंग सगळ्यात आधी जातो तो गाठीजवळ, आणि वादी तिथेच ताणून बारीक होते. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा बारीक दिसायला लागली की बदला. शिवण उसवली तर सुई-दोरा घेऊन बसू नका, ती जनावराच्या स्नायूच्या धाग्याने शिवलेली असते.

खाली पडलं तर? डबी उघडी असताना जमिनीवर पडली तर त्या दिवशी उपास करायची प्रथा आहे, न झेपणाऱ्याने सदाका (दान) द्यायचा. पिशवीत किंवा केसमध्ये असताना पडलं तर नुसता सदाका. मग अक्षरांना काही झालं नाही ना ते दाखवून घ्यायचं. भाच्याने पहिल्याच आठवड्यात पाडलं, केसमध्ये होतं, खाऊच्या पैशातले शंभर रुपये दानपेटीत टाकले, तेव्हापासून दोन्ही हातांनी धरतो.

शेवटचा प्रश्न ताईचा होता. हॉल शनिवारचा बुक करू का, सगळ्यांना सुट्टी. म्हटलं करा, शनिवारी तोरा वाचेल, पण शब्बाथला तेफिलीन नाही, पिशवीला पण हात लावायचा नाही, मग मुलाला तेफिलीनमध्ये बघायला आलेली आजी काय बघणार? म्हणून आधीचा गुरुवार धरलाय, त्या सकाळी तोरा पण बाहेर काढतात. व्हॅनवाल्या दादांना सांगून ठेवलंय की गुरुवारी हॉर्न वाजवू नका.